गॅड्सबींची उभी वीट

इलाय गॅड्सबी
गवंडी
जन्म : इंग्लंड

हा झाला पहिला खर्डा. तो वाचून मर्व्हकाकांनी चहाचा मग टेबलावर असा आदळला की बशीतली बिस्किटं उडाली.

"इंग्लंड हे काय गाव आहे?" ते म्हणाले. "उद्या माझ्या दगडावर लिहाल, जन्म : पृथ्वी."

त्यांची पुतणी नेरिडा हसली, पण तिचं लक्ष हसण्यात नव्हतं. आज सोमवार. लॉन्सेस्टनचा दगड कोरणारा शुक्रवार संध्याकाळपर्यंत मजकूर मागत होता. तो वेळेत मिळाला तरच पुढच्या आठवड्यात ईस्टरच्या रविवारी नवा दगड उभा राहणार होता, आणि त्या रविवारी सगळं गॅड्सबी गोत टास्मानियाच्या कानाकोपऱ्यातून कबरस्तानात जमणार होतं. टास्मानियात आलेला पहिला गॅड्सबी म्हणजे इलाय; त्याच्या कबरीवरचा जुना दगड गेल्या हिवाळ्यातल्या वादळात फुटला. सायप्रसचं झाड नेमकं त्याच्यावरच पडलं. जुन्या दगडावर गावाचं नाव नव्हतंच. नव्यावर ते हवंच, हा काकांचा हट्ट. त्यांचं वय सत्त्याऐंशी, आणि इलायच्या उजव्या हाताची जागा त्यांनी स्वतःसाठी धरून ठेवलेली.

"मला त्याच्या शेजारी झोपायचंय," ते म्हणाले. "शेजाऱ्याचं गाव तरी माहीत असावं की नको?"

*

इलाय दोन होते. अडचण तीच होती.

नेरिडा सकाळ-दुपार शाळेची बस चालवायची आणि मधल्या वेळात इंग्लंडच्या चर्चमधल्या जुन्या नोंदी चाळायची. अशी अकरा वर्षं गेली. नवऱ्याने आधी चेष्टा केली, मग तक्रार केली, मग स्वतःच स्वयंपाक शिकून घेतला. एवढं करून चाळणीत शेवटी दोन इलाय गॅड्सबी उरले. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, दोघांचे बाप गवंडी, दोघेही विशीत असताना तिथल्या कागदांतून नाहीसे झालेले. एक स्वेफर्ड गावचा, एक ब्रॅकहोमचा. त्यातला एक बोटीत बसून इकडे आला. दुसरा कुठे गेला, देव जाणे. बोटीच्या नोंदीत नाव होतं, धंदा होता, आणि पुढे एकच शब्द : 'स्वखर्चाने'.

त्या शब्दाची शेजारच्या पेग मॉल्टबीला भारी कीव यायची.

"आमच्या पूर्वजाला बेड्या घालून आणला," ती म्हणायची. "राणीसरकारच्या खर्चाने, पहारेकऱ्यांसकट. तुमच्या बिचाऱ्याला तिकीट काढावं लागलं."

एके काळी हे बेट म्हणजे इंग्लंडच्या कैद्यांचं काळं पाणी; पेगच्या आजीने हीच गोष्ट जन्मभर लपवली होती. पण वारं फिरलं. आता बेटावर ज्याचा मूळ पुरुष चोर निघेल त्याची मान ताठ. पेगच्या पूर्वजाने दोन मेंढ्या आणि एक घंटा चोरली होती. घंटा कशाला, ते अजून कळलेलं नाही.

*

दुसरा खर्डा, नेरिडाचा चुलतभाऊ रॉडनी याच्याकडून, फोनवर :

इलाय गॅड्सबी
ब्रॅकहोमच्या प्रतिष्ठित घराण्याचे वंशज
बांधकाम कंत्राटदार

"कंत्राटदार?" काका म्हणाले. "त्याचा फोटो बघितलायस ना? हात आहेत का ते, फावडी आहेत."

"त्याची आई जमीनदाराच्या घरातली होती, काका," रॉडनी फोनमधून म्हणाला. तो घरं विकायचा, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला दर्शनी बाजू असावी असं त्याचं मत होतं.

"ब्रॅकहोमच्या इलायची आई होती," नेरिडा म्हणाली. "आपल्या इलायची होती का, तोच तर प्रश्न आहे."

"अकरा वर्षांत तुला सुटला नाही तो शुक्रवारपर्यंत सुटणार आहे? मग जरा बरा दिसणारा इलाय घ्यायला काय हरकत आहे?"

काकांनी फोन उचलला आणि तो चालू असतानाच उशीखाली ठेवला.

*

मंगळवारी नेरिडा पेगचं पुडिंगचं भांडं परत द्यायला गेली. पेग बाहेर कोंबड्यांना हाका मारत होती. नेरिडा शेकोटीपुढे उभी राहिली, आणि सवयीने तिचा डावा हात भिंतीकडे गेला. हाताला काही लागलं नाही. म्हणजे विटा लागल्या, पण सगळ्या आडव्या.

"पेग," तिने हाक मारली, "तुझी उभी वीट कुठेय?"

"कसली वीट?"

"धुरांड्याची. डाव्या अंगाची. पोरांची उंची मोजायची."

पेग दारात आली. तिच्या हातात एक नाराज कोंबडी होती. "आमच्यात उंची दाराच्या चौकटीवर मोजतात. सगळ्यांकडेच. तुझं बरं आहे ना?"

नेरिडा पुन्हा त्या आडव्या विटांकडे वळली.

काकांच्या घरात, इलायने स्वतः बांधलेल्या धुरांड्यात, शेकोटीच्या डाव्या अंगाला पाच वर्षांच्या पोराच्या छातीएवढ्या उंचीवर एक वीट उभी लावलेली होती. बाकी सगळ्या झोपलेल्या, ती एकटी जागी. नेरिडाच्या बापाने बांधलेल्या तिच्या स्वतःच्या घरातही तशीच एक होती. आजोबांनी बांधलेल्या घरात होती. त्या विटेला पाठ लावून सगळी भावंडं वाढली. धुरांडं म्हटलं की उभी वीट आलीच, जसं घर म्हटलं की दार, असंच ती अठ्ठावन्न वर्षं धरून चालली होती. आणि ज्या घरांत शेकोटीशी बसली असेल त्यातली बहुतेक तिच्याच माणसांनी बांधलेली. वेगळं दिसणार कुठून?

भांडं तिथेच ठेवून ती धावत सुटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एप्रनसकट, मेंढ्यांच्या कुरणातून आडवी.

*

"काका, ती वीट उभी का आहे?"

"कुठली?"

"माहितीय तुम्हाला कुठली."

काका पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "तशीच लावतात."

"कोण लावतं?"

"आपण."

"पेगकडे नाहीये. म्हणजे सगळे गवंडी लावत नाहीत. फक्त गॅड्सबी लावतात. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बापाने."

"त्यांना?"

"त्यांच्या बापाने. नेरी, तू पळत आलीस का? चेहरा बघ, बीट झालंय."

"आणि इलायला?"

आता पेन्सिल खाली आली. काकांनी वळून विटेकडे बघितलं. म्हणाले, "हं."

"त्याच्या बापाने शिकवलं असणार. म्हणजे त्या बापाने बांधलेली धुरांडी जिथे उभी असतील, तिथे—"

"हं," काका पुन्हा म्हणाले, आणि या वेळी खुर्चीतून उठलेच. गुडघे वाजले तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "डावीकडे. शेकोटीकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे. उजवीकडे असेल तर ती आपली नव्हे."

"का उभी लावायची?"

"तिच्यामागे काहीतरी ठेवलेलं असतं."

"काय?"

"ते सांगायचं नसतं. धुरांडं उभं आहे तोवर उघडायचं नाही, आणि बांधणाऱ्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. घर राखतं ते. बोललं की राखत नाही."

"अकरा वर्षं मी कागद चिवडतेय आणि तुम्ही याला पाठ टेकून चहा पीत होतात?"

"तू कागदाबद्दल विचारत होतीस," काका म्हणाले. "विटेबद्दल विचारलंस का कधी?"

*

त्याच रात्री जेवणाआधी विटेचा फोटो दोन्ही गावांत पोचला. स्वेफर्डला हेस्टर ट्वेल्व्हट्रीज नावाच्या बाई होत्या, गावच्या इतिहासमंडळाच्या चिटणीस आणि बहुधा एकमेव कामसू सदस्य. ब्रॅकहोमला एक निवृत्त पोस्टमन होता. दोघांना नेरिडाने एकच विनंती केली : गावातल्या जुन्या घरांच्या शेकोट्या बघा, अशी वीट दिसली तर कळवा, काय आहे ते विचारू नका.

बुधवारी पहाटे फोन वाजला तेव्हा ती बसमध्ये डिझेल भरत होती. ब्रॅकहोमचा फोटो. जुनं धुरांडं. डाव्या अंगाला एक उभी वीट.

तिला आधी आनंद झाला, इतका की डिझेल बुटावर सांडलं. मग आठवलं, हे रॉडनीचं गाव.

दुपारपर्यंत रॉडनी वाइनची बाटली घेऊन काकांच्या स्वयंपाकघरात हजर. "मी काय म्हणत होतो? रक्त बोलतं."

काकांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि नेरिडापुढे सरकवला. नेरिडा आता शांतपणे बघायला लागली. बापाच्या हाताखाली तिने सुट्टीच्या दिवसांत चुना कालवला होता. लग्नाच्या फोटोतही तिच्या नखांत तो होता.

"बाजूच्या सांध्यांत चुना आहे," ती म्हणाली. "पांढरा. या विटेभोवती राखाडी आहे. सिमेंट."

"मग?"

"मग ही वीट मागाहून बसवलीय. पुष्कळ मागाहून. इथून कधीतरी शेगडीच्या धुराचा पत्र्याचा पाइप बाहेर नेला असेल. तो काढून भोक बुजवलंय. हे बूच आहे, रॉडनी."

रॉडनीने काकांकडे बघितलं. काका बाटलीवरचं लेबल वाचत होते.

"ही ठेवून जा," ते म्हणाले. "वाइनचा काही दोष नाही."

*

खर्डा तिसरा :

इलाय गॅड्सबी
गवंडी
जन्म :

*

गुरुवारी संध्याकाळी इथे दिवस मावळत होता, आणि स्वेफर्डला सकाळ होती, केस कापायचं दुकान नुकतंच उघडलं होतं. पूर्वी तिथे गावची पाव भाजायची भट्टी होती. आता जॉर्जी नावाची तरुण बाई तिथे केस कापायची, आणि जुनी शेकोटी शोभेला ठेवलेली होती. हेस्टरबाई फोन हातात धरून उभ्या होत्या. त्यांचा आवाज दम लागल्यासारखा येत होता.

"सापडली. मी इथे अठरा वर्षं केस कापून घेतेय हो. समोर होती."

काकांच्या टेबलावर फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. नेरिडा, काका आणि हरल्याचं मान्य नसलेला रॉडनी, तिघांची डोकी एका चौकटीत.

चित्र हललं, स्थिरावलं. आरसे, खुर्च्या, डोक्याला चांदीचे कागद गुंडाळून बसलेली एक बाई. तिच्यामागे शेकोटी. आणि शेकोटीशेजारी, विटांच्या आडव्या रांगांमध्ये, उभी वीट.

उजवीकडे.

"उजवीकडे आहे," रॉडनी म्हणाला.

काका मागे टेकले. त्यांचा हात टेबलावरून मांडीवर गेला आणि तिथेच राहिला. नेरिडाला वाटलं, अकरा वर्षं आपण एका भिंतीकडे चालत आलो आणि ती भिंतही आपली नाही. उद्या शुक्रवार. जन्म : इंग्लंड.

"दिसतेय ना?" हेस्टरबाई विचारत होत्या. "काय झालं? तुमचे चेहरे असे का झाले?"

नेरिडा चित्राकडे बघत राहिली, कारण दुसरं काही करायचं उरलं नव्हतं. चांदीच्या कागदातली बाई. तिच्या डोक्यावर दरांची पाटी. पाटीवरचं एक अक्षर तिला लागेना. इंग्रजीच होती पाटी, पण...

"हेस्टरबाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही आत्ता कुठे तोंड करून उभ्या आहात?"

"मी? आरशाकडे. आरशातच छान दिसतेय सगळी खोली."

काकांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"वळा," नेरिडा म्हणाली. "बाई, मागे वळा आणि खरी दाखवा."

चित्र गरकन फिरलं, छत दिसलं, कुणाचं तरी कोपर दिसलं, आणि मग शेकोटी. खरी शेकोटी. वीट डावीकडे. भोवती पांढरा चुना, जुना, भुसभुशीत.

आधी बोलली ती फोनमधली जॉर्जी. "ही होय? ही तर हलते. ड्रायरची वायर मी हिच्यामागेच खोचते." आणि कुणी नको म्हणायच्या आत तिने वीट दाताच्या डॉक्टरने दात काढावा तशी अलगद बाहेर काढली.

"अरे देवा," काका म्हणाले.

"आत काहीतरी आहे," जॉर्जी म्हणाली. "ईऽ. चामडं आहे. बूट आहे. लहान पोराचा बूट, एकच."

नेरिडाने काकांकडे बघितलं. त्यांचे डोळे विशीतल्या पोराचे झाले होते. म्हणजे हेच. आपल्याही विटेमागे हेच आहे. तिने काही विचारायच्या आधीच रॉडनीने घसा खाकरला.

"हे बघा, मी रंगाचा बेरंग करत नाही. पण मी घरं विकतो. इंग्लंडातल्या जुन्या धुरांड्यांत बूट सापडतात. शेकड्याने सापडतात. भुताखेतांना अडवायला ठेवायचे लोक. कुणीही ठेवायचे. बुटाने गॅड्सबी ठरत नाही."

त्याचं खरं होतं, हीच पंचाईत होती.

काका उठले. शेकोटीपाशी गेले, आपल्या विटेवर तळवा ठेवून क्षणभर उभे राहिले, जसं माणूस एखाद्याची परवानगी मागतो. मग परत आले आणि फोनवर वाकले.

"पोरी," ते जॉर्जीला म्हणाले, "ऐक. बूट हलवू नकोस, उपडा करू नकोस. त्यात बोट घाल. आधी भुसा लागेल, सातूचा. तो बाजूला सार. टाचेपर्यंत जा. तिथे एक गोटी असेल. काचेची नव्हे. मातीची, विटांबरोबर भट्टीत भाजलेली. एका बाजूला चपटी, कारण ओली असताना पोराने अंगठ्याने दाबलेली. असेल तर मला सांग. नसेल तर फोन ठेव."

चांदीच्या कागदातली बाई खुर्चीसकट वळली.

जॉर्जीने बोट घातलं. "भुसा," ती म्हणाली. मग डोळे मिटले. मग बोट बाहेर काढलं, आणि तिच्या तळव्यावर एक लाल गोटी होती. तिने ती फिरवली. एक बाजू चपटी. जॉर्जीने त्या चपट्या बाजूवर आपला अंगठा ठेवला, तो मावला नाही. मग करंगळी ठेवली. ती बरोबर बसली.

हेस्टरबाई रडत होत्या, त्यामुळे चित्र हलत होतं. रॉडनी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"गावाचं स्पेलिंग सांगा," तो म्हणाला. "दगडवाल्याला मी कळवतो. आत्ता. नेरी, कशाला उद्यावर टाकायचं?"

*

पण काम संपलं नव्हतं, आणि ते काकांना ठाऊक होतं.

"उघडलंय तर भरलं पाहिजे," ते म्हणाले. "जुना बूट जिथला तिथे. गोटी टाचेत. आणि आता जे त्या छपराखाली राहतात त्यांचाही एक बूट आत जायला हवा. वापरलेला. नवा चालत नाही. पोराचा असला तर उत्तम."

"वर राहतो आम्ही," जॉर्जी म्हणाली. ती धडाधड जिना चढून गेली आणि मुलीचा एक गुलाबी बूट घेऊन आली. चाललं की टाचेत दिवे लागतात, तसला. "याचा जोडीदार असाही हरवलाय."

गुलाबी बूट चामड्याच्या बुटाशेजारी आत गेला. ठेवताना धक्का लागला आणि त्याची टाच लुकलुकायला लागली. वीट बसेपर्यंत ती लुकलुकत होती. मग फटीतून थोडीशी. मग नाही.

"चुना आहे का जवळ?" काकांनी विचारलं.

"केसांचा रंग आहे," जॉर्जी म्हणाली.

काका इतके हसले की नेरिडाला त्यांची पाठ चोळावी लागली.

"रविवारपर्यंत चुना आण," ते शेवटी म्हणाले. "कसा कालवायचा ते माझी पुतणी सांगेल. तिला येतं."

*

कोरलेला मजकूर :

इलाय गॅड्सबी
गवंडी
स्वेफर्डचा, आणि इथला

*

दगडाखाली विटांचा चौथरा हवा होता. ईस्टरच्या आदल्या शनिवारी काका खुर्ची टाकून कबरस्तानात बसले आणि नेरिडा बांधायला लागली. पेग पाणी आणून देत होती आणि सांगत होती की तिच्या पूर्वजाने असला चौथरा एका तासात बांधला असता, अर्थात चोरलेल्या विटांनी.

"रांग वाकडी जातेय," काका म्हणाले.

"दोरी लावलीय."

"दोरी वाकडी आहे."

तिने दोरी सरळ केली. दुसऱ्या रांगेपाशी ती थांबली. एक वीट उचलून हातात तोलली. काकांकडे बघितलं नाही. डाव्या अंगाला, सगळ्या झोपलेल्या विटांमध्ये, ती उभी केली. मागे वीतभर पोकळी राहील एवढी जागा सोडली.

काका खुर्चीत पुढे सरकले. "आता हे मीसुद्धा बघायचं नाही हं," ते म्हणाले. "तोंड फिरवतो." आणि खरंच फिरवलं. पेगलाही फिरवायला लावलं.

त्या विटेमागे नेरिडाने काय ठेवलं, ते विचारायचं नाही. एवढंच सांगता येईल की रविवारी सगळं गोत नव्या दगडापुढे उभं राहिलं, मग काकांच्या घरी कोकराचं मांस आणि भाजलेले बटाटे यांच्यावर तुटून पडलं, तेव्हा रॉडनीची पाच वर्षांची नात एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा घालून सगळ्या घरभर हिंडत होती. तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, आजोबांना माहितीय. आणि आजोबांना विचारलं की ते आणखी बटाटे वाढून घ्यायचे.